कमल चालते, मग गीता का अडते?

वाचकांच्या संगणक-शंका

या खेपेला पत्रांत फॉर्मांच्या तक्रारी इतक्या आल्या, की प्रिंटर आणि पासवर्ड ही नेहमीची मंडळी पुढच्या अंकावर ढकलली आहेत. कोडमधला मजकूर इथे वाचून दाखवल्यासारखा देवनागरीत लिहिते आहे. टंकताना तो रोमन अक्षरांतच टंकायचा, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आमच्या मंडळाची भजनी स्पर्धा आहे आणि यंदा प्रवेशअर्ज ऑनलाइन घ्यायचे ठरले. पुतण्याने फॉर्म करून दिला आणि तो नोकरीला पुण्याला निघून गेला. प्रमाणपत्रांवर मराठी नावे छापायची असल्याने अर्जात नावे मराठीतच हवी आहेत. म्हणून पुतण्याने नावाच्या तपासणीत ए ते झेड न घालता ‘कुठल्याही भाषेतले अक्षर’ असा नियम घातला आहे. रेजेक्समध्ये (मजकूर कसा असावा हे सांगणाऱ्या सूत्रात) स्लॅश-पी आणि पुढे महिरपी कंसात एल, असे तो सांगतो. पण कमल, शरद, मदन, नयन ही नावे बिनबोभाट जातात. गीता, गजानन, वसंत, कृष्णा लिहिले की ‘नावात फक्त अक्षरे लिहा’ असा लाल मजकूर येतो. पखवाजवाला शरद आत गेला आणि पेटीवाला वसंत दारात उभा! ब्राउझर बदलला, फोन बदलला, फरक नाही. ताई, ‘गीता’ ही अक्षरे नव्हेत तर काय?
— भजनी मंडळाचा कार्यकर्ता, वाळपई

उत्तर : अडलेल्या आणि न अडलेल्या, दोन्ही नावांच्या याद्या पाठवल्यात ते फार बरे केलेत. बहुतेक लोक नुसते ‘फॉर्म चालत नाही’ एवढेच कळवतात. तुमच्या पास झालेल्या नावांकडे परत एकदा पाहा. कमल, शरद, मदन, नयन. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर नाही. नापास यादीतल्या प्रत्येक नावाला यातले काही ना काही लागलेले आहे.

युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, जगातल्या प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिला आहे. क, म, ल ही ‘अक्षर’ वर्गात, म्हणजे एलमध्ये. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही मात्र एम या वर्गात, ‘अक्षराला लागणारी चिन्हे’ म्हणून. पुतण्याने फक्त एलला परवानगी दिली, त्यामुळे ‘गीता’मधले ग आणि त आत आले आणि वेलांटी व काना बाहेर राहिले. नियम सांगितल्याबरहुकूम चालला आहे.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर संगणकावर ब्राउझर उघडा, एफ-१२ दाबा आणि कन्सोलमध्ये ॲरे-डॉट-फ्रॉम लिहून कंसात, अवतरणचिन्हांमध्ये ‘गीता’ टाका. आपण दोन अक्षरे म्हणतो, तिथे चार तुकडे दिसतील. प्रत्येक तुकड्यावर कोड-पॉइंट-ॲट चालवून सोळाच्या पायात आकडा मागितलात की येईल : ९१७, ९४०, ९२४, ९३ई. ग, वेलांटी, त, काना. यातले ९४० आणि ९३ई हे अडवले गेलेले दोघे. फॉर्मने काही चमत्कारिक केले की मी सर्वांत आधी हेच करते. नियमाला हात लावायच्या आधी, त्या नियमाच्या पुढ्यात नेमके काय येऊन पडले ते चिन्हागणिक मोजून घेते. पडद्यावर दिसते ते आणि चौकटीत असते ते एकच असेल, असे गृहीत धरण्यात लोकांचे दिवसच्या दिवस जातात.

उपाय असा : चौकोनी कंसात स्लॅश-पी-एल आणि स्लॅश-पी-एम दोन्ही घाला आणि शेवटी यू हा फ्लॅग, म्हणजे रेजेक्सच्या मागे लावायचे सूचनेचे अक्षर, आहे ना ते पाहा. तो नसेल तर जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी कोडची भाषा, स्लॅश-पीचा अर्थ नुसता रोमन ‘पी’ असा घेते आणि मग कमलसुद्धा बाहेर राहते. ही सोय जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून आहे, तेव्हा जुन्यापान्या फोनांची काळजी आता नको. जाता जाता, सर्व्हरवर (फॉर्म जिथे पोचतो त्या संगणकावर) पायथन ही भाषा असेल आणि तिथे स्लॅश-डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातले चिन्ह’, वापरला असेल, तर तिथेही अगदी हाच प्रकार होतो : कमल चालते, गीता अडते. जावास्क्रिप्टच्या स्लॅश-डब्ल्यूला तर रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेष यापलीकडे कोणी माहीतच नाही. त्याच्याकडे कमलचीही डाळ शिजत नाही.

एवढे केलेत की चार दिवस बरे जातील आणि मग कोणी कऱ्हाडे अर्ज भरायला येतील. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ह असे पाठवतात. काही साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह, मग एक अदृश्य जोडणारे चिन्ह आणि ह असे. दिसायला दोन्ही सारखीच. त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक २००डी, आणि ते ना एलमध्ये बसते ना एममध्ये. म्हणजे एका कऱ्हाड्यांचा अर्ज जाईल आणि त्यांच्याच घरातल्या दुसऱ्याचा, वेगळ्या फोनवरून भरला म्हणून, अडेल. तेव्हा २००डी यालाही परवानगी द्या. शिवाय मोकळी जागा आणि टिंबही लागेल, नाहीतर ‘सौ.’ लिहिणाऱ्या सगळ्या जणी नापास.

आता माझे मत विचाराल तर नावाच्या रकान्याला रेजेक्स लावणे हाच आगाऊपणा आहे. माणसाचे नाव काय असावे हे फॉर्म कोण ठरवणार? रिकामे नाही ना आणि अवाच्या सवा लांब नाही ना, एवढे पाहा आणि सोडून द्या. प्रमाणपत्र छापण्याआधी यादी कोणीतरी वाचणारच आहे. मराठीतच हवे म्हणून कळकळ असेल तर देवनागरी चिन्ह नावात एक तरी आहे का, इतकेच तपासा.

एक सावधगिरी. तुमच्या अर्जात वयाचा रकाना असणारच. मराठी कीबोर्डवरून लोक ‘४५’ देवनागरीत लिहितील. जावास्क्रिप्टचा स्लॅश-डी फक्त इंग्रजी अंक ओळखतो आणि नंबर-फंक्शनला देवनागरी ४५ दिले तर ‘हा आकडाच नव्हे’ असे उत्तर येते. पायथन मात्र तेच ४५ आनंदाने घेते. दोन ठिकाणी दोन कायदे नकोत. अंक आला की आधी त्याचे इंग्रजीत रूपांतर करा. देवनागरी शून्याचा क्रमांक सोळाच्या पायात ९६६ आहे, प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की उरते ती किंमत. लोकांना ‘इंग्रजीत अंक लिहा’ म्हणून दटावू नका.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या टेकफेस्टच्या नोंदणीचा फॉर्म मी करते आहे. पिनकोड तपासायला रेजेक्स लिहिला. पहिल्यांदा बटण दाबले की पिनकोड बरोबर म्हणतो. काहीही न बदलता परत दाबले की चूक. परत दाबले की बरोबर. मैत्रीण म्हणते, लॅपटॉप बदल.
— विद्यार्थिनी, फर्मागुडी

उत्तर : लॅपटॉप राहू दे. कोड पाठवलास म्हणून कळले : रेजेक्स तू फाइलच्या वर एकदाच बनवून ठेवला आहेस आणि त्याला जी, म्हणजे ग्लोबल, हा फ्लॅग लावला आहेस. तो फ्लॅग असला की रेजेक्सला स्मरणशक्ती येते. टेस्ट चालवल्यावर आपण कुठवर पोचलो ते तो लास्ट-इंडेक्स नावाच्या खणात लिहून ठेवतो आणि पुढच्या खेपेला तिथून पुढे शोधतो. तू ४०३४०१ दिलेस. पहिल्यांदा सापडला, खणात ६ लिहिले गेले. दुसऱ्यांदा शोध सहाव्या जागेपासून सुरू. पुढे काहीच नाही, म्हणून ‘चूक’, आणि खण परत शून्यावर. तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यासारखे. जी काढून टाक, रोग गेला. हा फ्लॅग ‘सगळीकडचे शोधून बदल’ अशा कामासाठी असतो. बरेच जण बदलण्याच्या उदाहरणातला रेजेक्स उचलून तपासणीत चिकटवतात आणि फ्लॅगही त्याबरोबर येतो.

तुझ्या रेजेक्समध्ये आणखी एक भोक आहे, ते तुला अजून दिसलेले नाही. ‘सहा अंक’ एवढेच लिहिले आहेस. सुरुवातीची टोपी ^ आणि शेवटचे डॉलर $ नाही. त्यामुळे ४०३४०१२ असे सात आकडे दिले तरी त्यातले पहिले सहा पाहून तो मान डोलावतो. दोन्ही चिन्हे घाल. १९७२ साली सुरू झाल्यापासून पिनकोड सहा आकडी आहे आणि शून्याने एकही सुरू होत नाही, म्हणून पहिला अंक १ ते ९, पुढचे पाच काहीही. आणि गोव्यातले सगळे पिन ४०३ ने सुरू होतात म्हणून तेवढेच घ्यायचा मोह टाळ. सावंतवाडीहून येणाऱ्या मुलाचा पिन ४१६५१० असतो, बेळगावचा ५९०००१. त्यांनी काय नोंदणी करायची नाही?

प्रश्न : कोलव्याला आमचे छोटे गेस्ट हाऊस आहे. बुकिंगचा फॉर्म पीएचपीत आहे. दोन तक्रारी आहेत. डि’सोझा हे आडनाव ऑफिसातल्या कंप्युटरवरून जाते, पण गिऱ्हाइकाच्या आयफोनवरून अडते. आणि ‘लहान मुले’ या रकान्यात शून्य घातले की ‘हा रकाना रिकामा आहे’ म्हणतो, एक घातले की चालते. निपुत्रिकांनी गोव्याला यायचे नाही काय, असे एका पाहुण्याने फोनवर विचारले, मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.
— गेस्ट हाऊस चालक, कोलवा

उत्तर : डि’सोझांचे आधी. रोमन लिपीत हे आडनाव लिहिताना मधे जी खूण येते ती कंप्युटरच्या कीबोर्डवरून सरळ उभी येते, क्रमांक २७. आयफोन लिहिता लिहिता ती आपसूक वळणदार करून टाकतो, क्रमांक २०१९. तुमच्या नियमात फक्त सरळ खूण आहे. दोन्ही घ्या आणि साठवताना एकच करून साठवा, म्हणजे शोधायला सोपे. सासष्टीत फॉर्म चालवायचा तर डोक्यावर तिल्द (~) असलेला ए आणि खाली शेपटी असलेला सीसुद्धा येणार. पोर्तुगीज वळणाने नाव लिहिणाऱ्या घरांत ती अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ए ते झेड हा नियम तुमच्या निम्म्या शेजाऱ्यांना परका ठरवतो. वर वाळपईकरांना दिलेला सल्लाच तुम्हालाही.

शून्याचे कारण म्हणजे पीएचपीतले एम्टी हे फंक्शन. त्याच्या लेखी रिकामी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) आणि ‘०’ ही स्ट्रिंग दोन्ही सारखीच रिकामी. जिथे शून्य हे खरेखुरे उत्तर असू शकते तिथे एम्टी वापरूच नये. रकाना आला आहे का ते इझ-सेटने पाहा, आणि तो रिकाम्या स्ट्रिंगशी तीन बरोबर-चिन्हांनी ताडून पाहा. मग पाहुण्यांची माफी मागा.

तुमच्या फॉर्मवर फोनचा रकानाही नंबर या प्रकारचा दिसतो. तो साध्या मजकुराचा किंवा टेल प्रकारचा करा. फोन नंबर हा बेरीज-वजाबाकी करायचा आकडा नव्हे. आकडा म्हणून साठवलात तर ०८३२ मधले पुढचे शून्य उडते आणि ८३२ उरते.

प्रश्न : आम्ही फेस्ताच्या दिवसांत जुन्या गोव्याला बसगाड्या सोडतो, डिसेंबरात इतर फेऱ्याही असतात. फॉर्मवर तारखेची साधी चौकट होती, दिवस/महिना/वर्ष अशी. ०३/१२/२०२५ घातले की आरक्षण १२ मार्चचे पडायचे. १९/१२/२०२५ घातले की तारीखच चुकीची म्हणायचा. मित्राच्या सल्ल्याने तयार कॅलेंडर बसवले, त्यात दिवस बोटाने निवडायचा. आता १९ चालते, पण ३ डिसेंबर निवडले की सर्व्हरवर २ डिसेंबर पोचते. फेस्ताच्या आदल्या दिवशी गाडी नेऊन मी काय करू?
— बसमालक, पणजी

उत्तर : तुमचे दुखणे एक नाही, दोन आहेत, आणि दुसरे पहिल्याच्या औषधातून आले आहे.

जावास्क्रिप्टच्या डेट या वस्तूला तिरक्या रेघांची तारीख दिली की ब्राउझर ती अमेरिकी पद्धतीने वाचतात, आधी महिना मग दिवस. ०३/१२ म्हणजे तिसऱ्या महिन्याची बारा तारीख. १९/१२ मध्ये एकोणिसावा महिना शोधावा लागतो, तो सापडत नाही, म्हणून नकार. यातला नकार परवडला, निदान कळते तरी. खरा घात पहिल्या बारा तारखांना होतो, कारण त्या तक्रार न करता भलत्या महिन्यात जाऊन बसतात. ३ डिसेंबरचे सेंट झेवियरचे फेस्त मार्चमध्ये गेले आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन अवैध ठरला, तो असा. जुनी आरक्षणे उघडून बघा. ज्यांचा दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत आहेत अशी प्रत्येक नोंद संशयित समजा आणि गिऱ्हाइकाला फोन करून विचारा. कोडने ती आता ओळखता येणार नाहीत. त्याला ५/५ सारखी तारीखच काय ती अपवाद, तिथे उलटे वाचले तरी सुलटेच.

आता कॅलेंडरचे. बोटाने ३ डिसेंबर निवडलेत की ते विजेट तुमच्या हाती ‘भारतातली ३ डिसेंबरची मध्यरात्र’ अशी वेळ देते. पुढे कोडमध्ये टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरून तिची स्ट्रिंग केली आहे आणि पहिले दहा तुकडे कापून घेतले आहेत. ते फंक्शन वेळ आधी जागतिक घड्याळाला, यूटीसीला, लावते. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा. कन्सोलमध्ये छापून पाहिलेत तर अक्षरशः हे दिसेल : २०२५-१२-०२टी१८:३०:००.०००झेड. दहा तुकडे कापले की उरते २ डिसेंबर. पहाटे साडेपाचच्या आतल्या प्रत्येक वेळेला हा रोग लागतो, दुपारच्या वेळेला लागत नाही. म्हणूनच तारखेबरोबर वेळही घेणाऱ्या फॉर्मांत तो वर्षानुवर्षे दडून राहतो.

सहलीची तारीख ही घड्याळातली वेळ नाही, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली चौकट आहे. तिला डेट वस्तूत घालूच नका. एचटीएमएलची स्वतःची डेट प्रकारची चौकट वापरा. ती वापरणाऱ्याला कशीही दिसो, कोडच्या हाती नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच स्ट्रिंग देते. ती स्ट्रिंग तशीच सर्व्हरला पाठवा, तशीच साठवा.

जुनी लिहायची चौकट ठेवायचीच असेल तर तिरक्या रेघेवर तीन तुकडे स्वतः करा. मग वर्ष, महिना वजा एक, दिवस असे डेटला द्या (महिने शून्यापासून मोजतात, तिथे पुष्कळ जण घसरतात) आणि त्याच्याकडून महिना परत विचारून आपण दिलेल्याशी जुळतो का पाहा. ही उलटतपासणी हवीच, कारण ३१ फेब्रुवारी २०२५ दिलीत तर डेट कुरकुर न करता ३ मार्च करून देते.

प्रश्न : म्हापशात आम्ही किराणा घरपोच देतो. घर क्रमांकाच्या चौकटीला पॅटर्न लावला आहे : अक्षरे, अंक, तिरकी रेघ आणि आडवी रेघ, कारण आपल्याकडे घर क्रमांक १२३/१-ए असेच असतात. काही वर्षे सुरळीत चालले. मध्यंतरी लक्षात आले की आता त्या चौकटीत लोक काहीही लिहितात आणि फॉर्म घेतो. ‘चॅपलामागे, आंब्याकडे’ असाही घर क्रमांक आला. कोडला आम्ही हातसुद्धा लावलेला नाही.
— किराणा व्यावसायिक, म्हापसा

उत्तर : कोडला तुम्ही हात लावला नाहीत, ब्राउझरने लावला. २०२३ साली एचटीएमएलच्या मानकात एक बदल झाला : पॅटर्नमधला रेजेक्स पूर्वी यू फ्लॅगने वाचला जाई, तो आता व्ही फ्लॅगने वाचला जातो. व्ही जास्त कडक आहे. चौकोनी कंसाच्या आत नुसती तिरकी रेघ किंवा नुसती आडवी रेघ त्याला चालत नाही, त्यांच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावीच लागते. तुमच्या कंसात दोन्ही उघड्या आहेत. पॅटर्न वाचताच आला नाही तर ब्राउझर काय करतो? फॉर्म अडवत नाही, पॅटर्नच सोडून देतो. एफ-१२ दाबून कन्सोल पाहा, लाल अक्षरांत तक्रार पडलेली असेल, फक्त ती कोणी वाचत नाही. दोन्ही रेघांआधी उलटी रेघ घाला.

जुन्या फॉर्मांत ही चूक गावोगाव पसरलेली आहे, आपापले तपासून घ्या. तपासताना आणखी दोन गोष्टी पाहा. पॅटर्न रिकाम्या चौकटीला लागतच नाही, त्यासाठी रिक्वायर्ड, म्हणजे ‘भरायलाच हवे’, ही सूचना वेगळी द्यावी लागते. आणि नुसत्या मजकुराच्या चौकटीत एक मोकळी जागा टंकली तरी रिक्वायर्डचे समाधान होते. दुसरे, बटणामागे कोणी जावास्क्रिप्टमधून फॉर्म-डॉट-सबमिट लिहिले असेल तर ब्राउझरची सगळी तपासणी वगळून फॉर्म थेट जातो. त्याच्या जागी रिक्वेस्ट-सबमिट लिहा.

बाकी ‘चॅपलामागे, आंब्याकडे’ हे पोचवणाऱ्या पोराला घर क्रमांकापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. त्यासाठी ‘खूण’ म्हणून वेगळी, बिननियमाची चौकट द्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची परीक्षण-लेखन स्पर्धा आहे, मर्यादा ५०० अक्षरे. ब्राउझरची चौकट ५०० ला थांबते, सर्व्हरवरही ५०० चीच तपासणी आहे. गद्य परीक्षणे जातात. कवितासंग्रहावरची, ज्यांत ओळी उद्धृत केलेल्या असतात, ती सर्व्हर ‘मर्यादा ओलांडली’ म्हणून परत पाठवतो. काव्याशी सर्व्हरचे काय वाकडे?
— वाचनालयाची ग्रंथपाल, मडगाव

उत्तर : एंटरशी आहे, काव्याशी नाही. मोठ्या चौकटीत एंटर दाबले की ब्राउझर मॅक्स-लेंथसाठी ते एक चिन्ह मोजतो. पण फॉर्म पाठवताना प्रत्येक एंटरची दोन चिन्हे करून पाठवतो, सीआर (‘ओळीच्या आरंभी जा’) आणि एलएफ (‘खालच्या ओळीवर जा’). ही जुनी रीत आहे, ती बदलत नाही. ४९६ चिन्हांच्या परीक्षणात बारा वेळा ओळ तोडलेली असेल तर सर्व्हरला ५०८ मिळतात. गद्यात परिच्छेद दोन-तीन, म्हणून ते निसटते. सर्व्हरवर आधी सीआर-एलएफच्या जागी नुसते एलएफ करा, मग मोजा.

मोजताना पीएचपीचे साधे स्ट्र-लेन वापरू नका. ते बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, म्हणजे ‘कविता’ हा शब्द पाच चिन्हांचा, पण त्याला पंधरा दिसतो. एमबी-स्ट्र-लेन घ्या. आणि काना-मात्रा धरून ५०० ही मर्यादा मराठीला तोकडी आहे, ती ८०० करायला तुमच्या समितीला सांगा. हे तांत्रिक उत्तर नव्हे, पण वाचक म्हणून सांगितल्याशिवाय राहवले नाही.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना अडलेल्या मजकुराचा फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवू नका. व्हॉट्सॲपवरून उचललेल्या फोन नंबराच्या आधी दडून बसलेले २०२ए हे चिन्ह फोटोत येत नाही. चौकटीतला मजकूर कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवा, आणि जो चालला तोही एक सोबत द्या.